उंबऱ्याबाहेरचा जोडा

मित्रांनो, नाक मुरडू नका. बुटांना वास येणारच, आणि माझ्यासारख्या जुन्या जोड्याला तर जरा जास्तच. तैवानात, युआनलिन गावातल्या वेई यांच्या घरी, दाराशी, लाकडी फळीवर सगळ्यात खाली मी असतो. रंग काळा होता. आता कुठे काळा, कुठे करडा, आणि जिथे पाय वाकतो तिथे भेगा. तीनदा तळ बदलला. टाचा किती वेळा ठोकल्या ते मीही विसरलो. घरी आलेला पाहुणा मला बघतो आणि म्हणतो, "केवढा चालला असेल हा!" त्या कौतुकाने मी शरमून जातो. का, ते आज सांगतो. आजवर कोणाला सांगितले नाही, कारण जोड्याला कोणी विचारत नाही.

माझा जन्म लाल उजेडात झाला. वेईंच्या पुढच्या खोलीत एका बाजूला बूट दुरुस्त करायचे टेबल, आणि समोरच्या भिंतीला उंचावर पूर्वजांचा देव्हारा. त्याच्या दोन्ही अंगांना विजेचे दोन लाल दिवे रात्रंदिवस जळत. घरचे मालक सुंग-मू वेई. त्यांनी तीस वर्षे बुटांच्या कारखान्यात काढली. पुढे कारखाना परदेशी गेला, सुंग-मू गेले नाहीत. तेव्हापासून ते गावाचे तळ आणि टाचा सांभाळत.

त्यांचा एकुलता एक मुलगा चेंग-यू. घरातली सगळी उंची त्या एकाच्या वाट्याला आलेली. म्हणून बारा वर्षांचा झाल्यापासून देव्हाऱ्याचा दिवा गेला की बदलायचे काम त्याचे. खुर्चीवर चढला की हात आपोआप पोचे. आई त्याला लाडाने 'आमची शिडी' म्हणायची. पण अठराव्या वर्षी चेंग-यू येशू ख्रिस्ताच्या त्या पंथात गेला, ज्याला लोक मॉर्मन म्हणतात. घरातून तो एकटाच. आणि त्याने स्वतःशीच ठरवून टाकले की आता देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. उदबत्ती तर नाहीच, दिवाही नाही. दिव्याचे असे त्याला कोणी सांगितले नव्हते. पण नवा उत्साह होता, आणि सांगितल्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे जायची हौस होती.

सुंग-मू त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा घरात भांडी जपून ठेवावी लागतात. पुढे चेंग-यूने सांगितले की तो दोन वर्षे मिशनरी म्हणून जाणार, दारोदार फिरून आपला धर्म सांगणार. तरी ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी कपाटातून कालबूत काढला. ज्याच्यावर चढवून बूट शिवतात तो लाकडाचा पाय म्हणजे कालबूत.

"पाय ठेव इथे," ते म्हणाले.

"बाबा, दुकानातून घेऊ की."

"दुकानातले घालून दोन वर्षं चालणार? तुझा डावा पाय उजव्यापेक्षा जाड आहे, हे दुकानदाराला ठाऊक आहे का? ठेव म्हटलं ना."

चेंग-यूने पाय ठेवला. सुंग-मूंनी पायाभोवती कागदावर पेन्सिल फिरवली आणि मान वर न करता म्हणाले, "एक सांगून ठेवतो. या तुझ्या प्रकाराला माझा होकार घोट्यापर्यंतच. त्याच्या वरचं तू आणि तुझा देव बघा."

"घोटा तरी दिलात!" आई आतून म्हणाली. "मला वाटलं होतं करंगळीवरच भागवाल."

तर असा मी जन्मलो. रापीने कातडे कापले गेले, आरीने भोके पडली, मेणाचा दोरा खेचला गेला. डावा किंचित रुंद, उजवा नेटका. सुंग-मूंनी मला असे पॉलिश केले की माझ्या नाकावर ते दोन लाल दिवे दिसत होते. चेंग-यू निघाला तो भुतांच्या महिन्यात, म्हणजे जेव्हा घरोघरी पितरांसाठी ताटे मांडतात तेव्हा. त्याने मला घातले आणि नाड्या बांधायला वाकला. बाप उंबऱ्यात उभा होता. आता हा काहीतरी बोलेल, असे दोघांनाही एकमेकांबद्दल वाटत होते. चेंग-यूने गाठ मारली आणि पायरी उतरला.

मिशनवर त्याचे नाव 'एल्डर वेई' झाले. एल्डर म्हणजे वडीलधारी. ज्याला अजून धड मिशी फुटलेली नाही अशा पोराला वडीलधारी म्हणायचे! पण त्यांच्यात तशी पद्धत आहे, आणि ती पोरे बिचारी त्या नावाला जागायला जिवाचे रान करतात. पांढरा सदरा, टाय, खिशावर नावाची काळी पाटी. भल्या पहाटे उठून गुडघ्यांवर प्रार्थना. मग अभ्यास, मग सायकल, मग दारे. कायम दोघे बरोबर, एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. चहा प्यायचा नाही. आता आमच्याकडे दारात पाय ठेवला की चहा पुढे येतो, त्यामुळे अर्धा वेळ 'नको, नको' म्हणण्यातच जायचा. दोन वर्षे घरी जायचे नाही. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा आणि घरी फोन.

मी चाललो. दगडांच्या वाटा, भातखाचरांचे बांध, बाजारातले मासळीचे पाणी, सगळे तुडवले. चेंग-यूला पहिल्या महिन्यात फोड आले ते माझ्यामुळे नव्हे, त्याच्या जाड मोज्यांमुळे, हे मी ठासून सांगतो. लोकांनी दारे आपटली. एका आजोबांनी अंगावर पाणी टाकले. त्यातलाच एक जण पुढे आजारी पडला तेव्हा चेंग-यूने त्याच्यासाठी खाडा न करता प्रार्थना केली. त्याची श्रद्धा खोटी नव्हती, मित्रांनो. ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचे ऐकून तुम्ही त्याला अगदीच वाईट ठरवणार नाही.

वर्षभराने त्याची बदली दोंगगांगला झाली. समुद्रकाठचे गाव, मासळीचा बाजार, दमट हवा. तिथे त्याचा जोडीदार होता एल्डर पगमायर. अमेरिकेतल्या बटाट्यांच्या शेतावरून आलेला, लालबुंद, नाकाने मोठा आणि पायांनी त्याहून मोठा. शाळेत शिकवतात ती चिनी भाषा तो सावकाश बोलायचा, पण घराघरातली तैवानी बोली त्याच्या डोक्यावरून जायची. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे ते चेंग-यूने, आणि मग पगमायरला समजावून सांगायचे. पगमायर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. चेंग-यू सांगेल ते त्याला ब्रह्मवाक्य.

दारोदारी आम्ही दोन जोडे शेजारी शेजारी. माणसे आत जायची, आम्ही उंबऱ्याबाहेर. जोड्याला घरे कळतात ती अशी, कानाने आणि दारातून बाहेर येणाऱ्या उजेडाने. पगमायरचा हा तिसरा जोड होता, आणि सव्वा वर्षात मी एकच. प्रार्थनाघरात लोक त्यावरून त्याला हसायचे आणि माझे कौतुक करायचे. "वेईचे बूट आणि वेईचे नियम, दोन्ही पक्के," असे च्वांगभाऊ म्हणायचे. च्वांगभाऊ म्हणजे तिथल्या मंडळीतले एक जाळी विणणारे गृहस्थ. आवाज असा की बोटीवरून बोलले तर धक्क्यावर ऐकू यावे.

नियमांतला एक नियम तुम्हाला सांगायला हवा. घरात बाई एकटी असेल तर या दोघांनी आत जायचे नाही. जायचेच तर तिसरा एखादा मोठा पुरुष सोबत हवा. नियम चांगला आहे. मी त्याला नावे ठेवत नाही.

मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत आथो आजी एकट्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या. दिवसभर दाराशी बसून कोळंबी सोलायच्या. दोघे पहिल्यांदा आले तेव्हा चेंग-यूने त्यांना तो नियम सांगितला. आजी पोट धरून हसल्या.

"अगंबाई, मला घाबरता?" त्या म्हणाल्या. "मी काय तुम्हाला पळवून नेणार आहे? आणि नेलंच तर या लाल नाकाला नेईन, तुला कशाला नेऊ? तू तर उभा वाळलेला मासा!"

तेव्हापासून दाराबाहेर प्लास्टिकची दोन बुटकी स्टुले कायमची मांडलेली असायची. बसले की पगमायरचे गुडघे कानांशी यायचे. आजी जामाची गुलाबी फळे कापून द्यायच्या आणि येशूच्या गोष्टी ऐकायच्या. ऐकून झाल्यावर म्हणायच्या, "चांगला मुलगा होता हो. आईला किती त्रास झाला असेल." धर्म बदलण्याची गोष्ट काढली की कोळंबीचे टोपले उचलून आत जायच्या. पण पुढच्या शुक्रवारी स्टुले पुन्हा मांडलेली असायची. चेंग-यू त्यांच्याकडे निघाला की माझ्या आत त्याची बोटे मोकळी व्हायची. मी ओळखायचो.

आणि मग तो शुक्रवार आला.

दुपारची वेळ. स्टुले मांडलेली नव्हती. आजी दारातच उभ्या होत्या, हातात एक छोटे खोके.

"बरं झालं आलास, लांब पायांच्या," त्या म्हणाल्या. "माझा म्हातारा गेला त्याचा उद्या वर्षाचा दिवस. आणि बघ ना, त्याच्याकडचा दिवा मेला सकाळी." त्यांनी आत उंचावर बोट केले. "माझी पाठ अशी. हात पोचत नाही. तू नुसता उभा राहिलास तरी पोचशील. एवढा बल्ब फिरवून दे बाबा."

चेंग-यू लगेच वाकला. हे मी नीट लक्षात ठेवले आहे. तो आधी वाकला. उजव्या पायाची नाडी त्याने एका झटक्यात ओढली, गाठ सुटली, मी सैल झालो. मग त्याने मान वर करून आत पाहिले.

मीही पाहिले. आत देव्हारा होता. एका बाजूला लाल दिवा, दुसऱ्या बाजूला काळोख. मी ज्या खोलीत जन्मलो तीच खोली वाटली मला. चेंग-यूची बोटे माझ्या आत आवळली गेली. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला. मग त्याने नाडी पुन्हा बांधली, नेहमीपेक्षा घट्ट.

"आजी, तिसरा माणूस नाही ना आज," तो म्हणाला. "नियम आहे आमचा."

"मग आण की तिसरा! तो च्वांग काय करतोय? पलीकडच्या गल्लीत तर आहे. एक हाक मार."

"बघतो," चेंग-यू म्हणाला.

आजींनी त्याच्याकडे पाहिले. हसल्या नाहीत. पगमायर मधेच उभा, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत.

"काय म्हणते आजी?" त्याने विचारले. "बरं नाही का तिला? आणि ते खोकं कसलं?"

"काही नाही. घरात कसला तरी दिवस आहे उद्या, गडबडीत आहे. पुढच्या शुक्रवारी या म्हणते."

"पण ती वर बोट दाखवत होती."

माझ्या आत बोटे पुन्हा आवळली. "ती म्हणाली, वर देव आहे," चेंग-यू म्हणाला.

पगमायरचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्याने टोपी काढून आजींना वाकून नमस्कार केला. खिशातली वही काढून तिथेच काहीतरी लिहिले. आजी खोके हातात धरून दारात उभ्या होत्या. आम्ही सायकलींवर बसून निघालो. च्वांगभाऊंचे घर वाटेतच होते. ते अंगणात जाळे पसरून बसलेले दिसले. त्यांनी हात केला. चेंग-यूनेही हात केला आणि पायडल मारले.

आता मी कोणत्या तोंडाने सांगू? मी तर जोडा. पण त्या वेळी मी सैल होतो. निसटून उंबऱ्यावर पडलो असतो तर कदाचित तो आत गेला असता. मी पायात बसून राहिलो, आणि नाडी आवळली तेव्हा निमूट आवळून घेतली.

त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत दोघांनी गुडघे टेकले. मी दाराशी होतो, पण सगळे ऐकले. पाळी पगमायरची होती. तो म्हणाला, "हे पित्या, आज आथो आजीनं वर बोट दाखवलं, त्याबद्दल तुझे आभार." चेंग-यूने 'आमेन' म्हटले की नाही, मला ऐकू आले नाही.

रविवारी प्रार्थनाघरात बूट पायातच असतात. दारातच च्वांगभाऊंचा आवाज आला.

"ऐकलंत का? आथो आजी स्टुलावरून पडली! परवा दिवेलागणीला पडली, आणि काल सकाळी भाजीवाली आली तेव्हा कोणाला कळलं. रात्रभर फरशीवर! खुब्याचं हाड गेलं. आणि कशासाठी, तर एका बल्बासाठी! अरे, मला एक हाक मारायची. स्कूटर चालू करायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता मला. शहाणी म्हातारी, कोणाला सांगायचं नाही म्हणे!"

"बल्ब?" पगमायर म्हणाला. "कुठला बल्ब?"

"देव्हाऱ्याचा. वरचा." च्वांगभाऊंनी बोट वर केले. अगदी आजींनी केले होते तसे.

पगमायर त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने चेंग-यूकडे पाहिले. ओरडला नाही. हळूच म्हणाला, "वेई, त्या दिवशी ती काय म्हणाली होती?"

या वेळी चेंग-यू खोटे बोलला नाही. सगळे सांगितले, शब्दाला शब्द. च्वांगभाऊ ऐकतच राहिले.

"मी वहीत लिहिलं ते," पगमायर शेवटी म्हणाला. "आईलाही कळवलं घरी." आणि आत जाऊन बाकावर बसला.

त्यांच्यात दर रविवारी प्रभूच्या आठवणीसाठी पाव मोडतात आणि पाण्यासह सगळ्यांना देतात. ज्याच्या मनाला वाटते की आपण आज त्या योग्यतेचे नाही, तो तबक पुढे सरकवतो, स्वतः घेत नाही. त्या रविवारी पावावर प्रार्थना म्हणायची पाळी चेंग-यूची होती. तो उठलाच नाही. त्याच्या जागी च्वांगभाऊ गेले. तबक फिरत फिरत आले. चेंग-यूने ते दोन्ही हातांनी धरले आणि पुढच्या माणसाकडे दिले. तीस-पस्तीस माणसांची मंडळी. कोणी मान वळवून पाहिले नाही, आणि प्रत्येकाला दिसले. बाकाखाली मी त्याच्या पायात होतो. एवढे महिने माझ्यावर नजर टाकून लोक 'वा' म्हणत. त्या दिवशी मला वाटले, कोणी मला बघू नये.

दुपारी तिघे दवाखान्यात गेले. आजी पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. पाय वजनाला बांधलेला. त्यांनी डोळे उघडले, तिघांना मोजले.

"आणलास का तिसरा माणूस?" त्या म्हणाल्या.

चेंग-यू पलंगाशी गुडघ्यावर बसला. माझा पुढचा भाग मुडपला, तिथे ती मोठी भेग आहे ना, ती तेव्हाची.

"आजी," तो म्हणाला, "नियम खरा आहे. पण मी नियमासाठी थांबलो नव्हतो. मला तुमच्या देव्हाऱ्याला हात लावायचा नव्हता. आणि मी ह्यालाही खोटं सांगितलं. च्वांगभाऊ अंगणात बसलेले दिसले होते मला. मी हात करून पुढे गेलो."

आजींनी नजर छताकडे वळवली. "मी तुला पाया पडायला सांगितलं होतं का रे?" त्या म्हणाल्या. "उदबत्ती धर म्हटलं? बल्ब फिरवायला सांगितला. तेवढंच."

"हो आजी."

"मी तुमच्या त्या येशूचं एवढं ऐकून घेतलं. मला काय झालं? माझे पितर पळाले का त्यानं?"

"नाही आजी."

"रडू नकोस. तोंड वाकडं होतं तुझं, आणखीच माशासारखा दिसतोस." त्यांनी उशीखालून किल्ली काढली. "म्हातारा अंधारात बसलाय माझा. काल वर्षाचा दिवस होता त्याचा, कोणी काही ठेवलं नाही त्याच्यापुढे. जा. आणि जाम पिकले असतील टोपलीत, खाऊन टाका. नासतील."

'माफ केलं' असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यानेही माफी मागितली नाही.

गल्लीत आलो. दार उघडले. बुटके स्टूल फरशीवर आडवे पडले होते, बल्बाचे खोके भिंतीशी. उंबऱ्यावर चेंग-यूने माझ्या दोन्ही नाड्या सोडल्या आणि मला बाहेर ठेवले. च्वांगभाऊ आत गेले, पगमायर आत गेला. स्टूल उचलण्याचा आवाज आला. पण स्टूल लागलेच नाही. चेंग-यूने हात वर केला आणि नुसत्या चवड्यांवर तो पोचला. पुढच्या क्षणी उंबऱ्यावर लाल उजेड पडला आणि माझ्यावर आला. एवढेच काम होते ते, मित्रांनो. मला वाटते, मी वीस मोजले नसतील.

दुसऱ्या दिवशी सोमवार. चेंग-यू खोलीबाहेरच्या पायरीवर बसला, मी पायात. त्याने घरी फोन लावला. आईने जेवणखाण विचारले, वजन विचारले. मग तो म्हणाला, "बाबांना दे."

"काय?" सुंग-मूंचा आवाज. "तळ गेला का?"

"तळ चांगला आहे. बाबा, आपल्या देव्हाऱ्याचा दिवा हल्ली कोण बदलतं?"

"कोणी नाही," सुंग-मू म्हणाले. "डावा बंद आहे."

"कधीपासून?"

"तू गेलास त्याच्या आठ दिवसांनी गेला."

"सव्वा वर्ष? बाबा, कोणाला तरी बोलवायचं ना! शेजारच्या काकांना सांगायचं."

"शेजारच्यांचा दिवा आहे का तो? म्हटलं, लांब पायांचा घरी आला की बघेल. नाही बघितलं तर नाही बघितलं. एका दिव्यावर चाललंय."

मागून आई म्हणाली, "दोनदा खुर्ची घेतली होती चढायला! गुडघ्यात जोर नाही, आणि मला हात लावू देत नाहीत. ते सांगा की!"

"तू गप गं. बूट कसे आहेत? उजवा चावतो का?"

"नाही चावत," चेंग-यू म्हणाला. "बाबा, तुम्ही खुर्चीवर चढू नका. मी आल्यावर दिवा बदलेन, वाटल्यास शपथ घाला मला, पण चढू नका."

"आम्ही नाही शपथा घालत," सुंग-मू म्हणाले. "जा, कपडे धुवायचे असतील तुझे."

पुढचे नऊ महिने आम्ही चाललो. पगमायरची बदली झाली. जाताना त्याने चेंग-यूला मिठी मारली, पण त्याआधी दोन आठवडे तो प्रत्येक वाक्यानंतर विचारायचा, "नक्की असंच म्हणाले का ते?" विचारायचा बिचारा साधेपणानेच. चेंग-यू "हो" म्हणायचा आणि मान खाली घालायचा. आथो आजींना त्यांची मुलगी काऊशुंग शहरात घेऊन गेली. घर बंद झाले. शुक्रवारी त्या गल्लीतून जाताना कुलूप दिसायचे आणि दाराच्या फटीतून काही उजेड येत नसे. काऊशुंगला आजी आता चौकट धरून चालतात, असे च्वांगभाऊंकडून कळले. उंबरा ओलांडायला त्यांना दोन माणसे लागतात. ते ऐकले त्या दिवशी चेंग-यूने मला इतके घासूनपुसून पॉलिश केले की कातडे सोलायचे बाकी राहिले.

मग दोन वर्षे संपली आणि आम्ही घरी आलो. सुंग-मू टेबलाशी बसून कोणाची तरी टाच ठोकत होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग मुलाकडे. चेंग-यूने उंबऱ्यावर वाकून दोन्ही नाड्या सोडल्या. मला बाहेर ठेवले, बोटे आतल्या बाजूला करून. आत गेला. बॅग ठेवल्याचा आवाज आला नाही. खुर्ची ओढल्याचा आला.

"थांब," सुंग-मू म्हणाले. "खुर्ची डुगडुगते ती. मी धरतो."

"नको, मी पोचतो एकटाच."

"पोचतोस ते ठाऊक आहे. चढ."

मग लाल उजेड पडला, आधी एक होता, आता दोन. आणि तो दोन बाजूंनी येऊन माझ्या नाकावर चमकला, जन्मलो त्या दिवशीसारखा. आत बराच वेळ चेंग-यू बोलत होता. आथो आजींचे त्याने सगळे सांगितले, स्टुलाचे, रात्रभरच्या फरशीचे, वर केलेल्या बोटाचे. सुंग-मूंनी मधे एकदाच विचारले, "म्हातारी चालते का आता?"

"चौकट धरून."

"हं," ते म्हणाले. त्यांनी काही समजूत घातली नाही. ज्याची समजूत घालता येत नाही त्याची घालू नये, एवढी अक्कल त्यांना आहे.

चेंग-यू अजून दर रविवारी प्रार्थनेला जातो. श्रद्धा त्याची गेली नाही, आवाज मात्र खाली आला आहे. महिन्यातून एकदा काऊशुंगला जातो, आजींना उचलून उंबरा ओलांडून देतो आणि बोलणी खाऊन येतो. सुंग-मू म्हणतात, "माझा होकार आता गुडघ्यापर्यंत आला," आणि आई म्हणते, "दोघांचे गुडघे एकदमच दुखायला लागले."

मी निवृत्त झालो. परवा सुंग-मूंनी मला उचलले, उलटेपालटे केले, आणि उजव्या नाडीला हात लावला. जिथे ती त्या दिवशी आवळली होती तिथे दोरा मुडपून चपटा झाला आहे, कितीही ओढला तरी सरळ होत नाही. "नवी घालू का?" त्यांनी विचारले.

"राहू दे, बाबा," चेंग-यू म्हणाला. "तीच असू दे."

म्हणून ती अजून माझ्यात आहे. मित्रांनो, जोडे जपा, त्यांना पॉलिश करा, ओले असताना उन्हात टाकू नका, हे तर आहेच. पण कोणाच्या दारात तुम्हाला 'नाही' म्हणावेसे वाटले, तर खुशाल म्हणा. फक्त ते खऱ्या कारणाने म्हणा, आणि दुसऱ्या कोणाला तरी हाक मारून मग जा. आतला माणूस तुम्ही गेल्यावरही तिथेच असतो, आणि स्टूल हाताशी असते.